बिनरंगाची बीजं

चहाचा पहिला घोट घेतला आणि ठकीच्या लक्षात आलं की आज चहात साखर नाही. कमी नव्हे, नाहीच. समोर आई आपला कप दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर बघत होती आणि तोंड जराही वाकडं न करता तोच चहा पीत होती. आणि ही बाई तर जन्मभर चहात साखर नव्हे, साखरेत चहा घालून प्यायलेली. विसरली असेल असं ठकीच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण आई विसरत नाही. ओट्यावर साखरेचा डबा नव्हता. तो कपाटाच्या माथ्यावर, हात पुरणार नाही अशा जागी, रिकाम्या खोक्यांच्या मागे जाऊन बसला होता. दूध काढण्याचं निमित्त करून ठकीने फ्रिज उघडला, तर भाज्यांच्या कप्प्यामागे तिने दडवलेली निळी पिशवी, इंजेक्शनांची पेनं असलेली, वरच्या फळीवर अगदी समोर ठेवलेली होती. पिशवी पुसलेली होती. तिला मोकळी हवा लागावी म्हणून आजूबाजूची भांडी सरकवलेली होती. क्षणभर धडकी, आणि मग ठकीला इतकं हसू फुटलं की फ्रिजच्या दाराआड तोंड लपवावं लागलं. आईने सुया पाहिल्या होत्या, पोरीला साखरेचा आजार झाला असं ठरवलं होतं, आणि विचारायचं नाही म्हणून सगळ्या घराची साखर बंद करून टाकली होती.

त्यांच्या घरात विचारत नसत. रीतच होती ती. आई टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती, कानाला यंत्र लावून सगळी नोकरी लोकांचे फोन एकमेकांना जोडून देण्यात गेली, आणि तिथला पहिला धडा हाच की जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. कोण कोणाशी काय बोलतंय हे आपलं काम नाही. निवृत्त झाली तरी तो धडा तिने घरात चालूच ठेवला. ठकीचे वडील गेले तेव्हाही आईने तिला कसं वाटतंय असं विचारलं नव्हतं, फक्त कितीतरी दिवस तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. वय तिशीला टेकलं तरी ठकी घरात ठकीच होती. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गप्प उभी राहायची म्हणून पडलेलं नाव. आणि आता ही लाकडी बाहुली रोज संध्याकाळी न्हाणीघराची कडी लावून पोटाची चिमूट धरत होती, त्यात सुई टोचत होती, आणि टोचून झालं की आरशातल्या स्वतःकडे बघून येडपटासारखी हसत होती. कारण आजारबिजार काही नव्हता. तिच्या आत बीजं वाढत होती. एक सोडून पुष्कळ, आणि ती तिच्यासाठी नव्हती. तिने कधी पाहिलेली नाही आणि कधी पाहणार नाही अशा एका बाईसाठी होती.

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण तसा विचार करायला फुरसत मिळेपर्यंत दुसऱ्या दिवशी मामा दारात उभा. मामा खालच्या मजल्यावर एकटा राहायचा आणि साखरेच्या आजारात त्याचे केस पांढरे झाले होते. त्याच्या हातात तिच्या मापाचे नवे कोरे बूट. तोही काही विचारेना. नुसता म्हणाला, चल, आता आपण दोघं. आणि गेटबाहेर पडल्यावर तो जे बोलायला लागला ते थांबेचना: पायाला जखम होऊ द्यायची नाही, जेवून लगेच लवंडायचं नाही, डॉक्टर घाबरवतात तेवढं काही नसतं. इतक्या वर्षांनी त्याला दुखण्यातला सोबती मिळाला होता आणि गड्याच्या चालण्यात असा काही हुरूप आला होता की त्याला खरं सांगणं ठकीच्या जिवावर आलं. तिला भराभर चालायला मनाई होती, आत सगळं फुगत चाललेलं. ती सावकाश चालायची आणि मामा आठ पावलं पुढे जाऊन पुन्हा मागे यायचा, हिला अशक्तपणा आलाय असं समजून. उन्हाची तिरीप रस्त्यावर पडलेली असायची. ठकी त्या तिरिपेकडे पाहून मनात म्हणायची, यात पिवळ्याचा एकच थेंब आहे आणि काळ्याचा अर्धा.

कारण तिचं काम रंगाचं. चौकातल्या रंगाच्या दुकानात ती छटा जुळवायची. लोक भिंतीचा पोपडा घेऊन येत, उशीचा अभ्रा, तुटलेली फरशी, एकदा तर एक म्हातारा गेलेल्या बायकोच्या पर्सचा पट्टा घेऊन आला होता, आणि म्हणत, असाच द्या. यंत्र होतंच, पण यंत्राने काढलेला आकडा ठकी एकदा डोळ्याने तपासून घ्यायची, एखादा थेंब वाढवायची, डबा हलवायच्या मशीनमध्ये घालायची. मशीन सुरू झालं की सगळं दुकान थडथडायचं. त्या थडथडाटातच तिला तो फोन आला होता. तुमची निवड झाली, असं क्लिनिकमधली बाई म्हणाली, आणि ठकी मोठ्याने ओरडली, काय झाली? निवड. ठकीची निवड जन्मात कशासाठी झाली नव्हती. शाळेत पळण्याच्या शर्यतीत ती कायम राखीव. शिट्टी, पाण्याची बाटली आणि इतरांचे बूट सांभाळायला. मशीन थांबलं तरी तिचं अंग थडथडतच राहिलं. त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला राखाडी म्हणून चक्क जांभळट काढून दिला, आणि गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

पण त्याच्याही आधी दुकानात एक बाई आली होती. नवरा-बायको दोघं आले होते आधी, एका लहान खोलीसाठी रंग घ्यायला. असा रंग हवा, म्हणाली, की सकाळी जाग आल्यावर भीती वाटायला नको. कोणाला जाग येणार ते तिच्या पोटाकडे पाहून कळत होतं. ठकीने जीव ओतून तो रंग काढला, साईसारखा, पण साईत गुलाबी आहे की नाही असा संशय यावा इतपत. काही महिन्यांनी ती बाई एकटीच आली, तेच डबे घेऊन, झाकणंही न उघडलेले. मिसळलेला रंग परत घ्यायचा नाही हा दुकानाचा नियम आणि मालकाची नजर ठकीच्या पाठीत रुतलेली. ठकीने डबे घेतले. विचारलं काही नाही, आईचीच लेक. बाईच आपण होऊन म्हणाली, पुन्हा दिवस नाही राहणार म्हणतात, माझी बीजंच संपलीत. त्या खोलीत आता आम्ही कपडे वाळत घालतो. एवढंच. पुढे त्या रंगाने दुकानाची मागची खोली रंगवली, आणि जेवणाचा डबा खाताना ठकी त्या भिंतीकडे बघत बसायची आणि एक दिवस तिच्या डोक्यात आलं की संपलीत म्हणजे काय, माझ्याकडे पडून आहेत की. महिन्यागणिक एकेक वाया जातं आहे. हे इतकं सरळ होतं की आजवर सुचलं कसं नाही याचं तिला नवल वाटलं. त्या बाईला ती देता येणार नव्हती, ती बाई पुन्हा दिसलीच नाही. पण बाई काही एकच नसते.

क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंनी विचारलं होतं, का द्यायचंय? आणि ठकी म्हणाली होती, मला नको आहेत म्हणून. म्हणाली आणि कानशिलं तापली, कारण हे ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली होती, तेही एका परक्या बाईसमोर, सोफ्यावर बसून. मुलं तिला आवडत. पण आपल्या घरात, आपल्या अंगावर, जन्मभर, असं मनाशी म्हटलं की आतून एक दार शांतपणे लागायचं. दुःख नव्हतं त्यात. आईला ते ठाऊक असावं. आई शेजारच्या घरातल्या बाळाला मांडीवर घेऊन त्याचे तळवे चोळत बसायची आणि ठकी खोलीत आली की त्याला परत देऊन टाकायची. विचारायची नाही. समुपदेशक बाईंनी मान डोलावली आणि पुढे विचारलं, डोळ्यांचा रंग, केस, वर्ण. वर्णापुढे ठकीने सांगितलं, नुसतं गव्हाळ म्हणून भागायचं नाही, गव्हाळात मीच बऱ्याच छटा काढून देते. बाई हसल्या. पण नंतर पडद्यावर डॉक्टरांनी तिला आतलं दाखवलं, काळे काळे गोल, साबणाच्या फेसात बुडबुडे दाटतात तसे एकमेकांना रेटणारे, छान वाढताहेत म्हणाले, आणि ठकीने विचारलं, बीजाचा रंग काय असतो? काही नसतो, डॉक्टर म्हणाले. पारदर्शक. पुसायचा कागद पोटावर तसाच धरून ती पडून राहिली. जिचा सगळा दिवस रंगात जातो तिने जगाला द्यायची वस्तू बिनरंगाची निघावी! कुणाच्या घरी जाऊन कुठला रंग धरेल, धरो. तिला इतका आनंद झाला की घरी जाताना ती बसमध्ये चढलीच नाही, बोळाबोळांतून पायी गेली, ओटीपोट दोन्ही हातांनी हलकेच धरून, आणि वाटेतल्या प्रत्येक खिडकीला तिने मनात एक रंग दिला. मोडक्या दाराच्या घराला निळा, न्हाव्याच्या दुकानाला पिस्त्याचा, बँकेला, जाऊ दे, बँकेला राखाडीच. मूल अमक्या घरात असेल, तमक्या घरात असेल. एखादं पोर रस्त्यात आडवं येईल कधीतरी आणि त्याच्या तोंडावर आईचं नाक असेल. ते नाक त्यांच्या घराण्याचं; भलं थोरलं, मध्ये उंचवटा असलेलं, मामाचं, आईचं, तिचं. बिचारं पोर. तिला हसू आलं आणि त्या हसण्याच्या शेपटीला लागूनच एक बारीकशी भीती आली, की हे नाक माझं एकटीचं नाही. मी जे देऊन टाकते आहे त्यात आईचंही आहे, आणि आईला मी विचारलेलं नाही. आईला दुसरं मूल नव्हतं. इथून पुढे जे काही जाणार होतं ते एवढंच. चार पावलं ती भीती बरोबर चालली. मग कोपऱ्यावर कुणीतरी गवत कापत होतं त्याचा वास आला आणि ठकी पुन्हा हुरळून गेली.

दुकानातली गल्लेवाली तेवढी सगळं जाणून होती. भूल देणार म्हणून त्या दिवशी जवळचं कुणीतरी सोबत हवं, सही करायला आणि घरी न्यायला, नाहीतर हात लावणार नाही असा क्लिनिकचा नियम. आणि ठकीने गल्लेवालीचं नाव दिलं होतं. शेवटचं इंजेक्शन ठरल्या वेळेला घेऊन झालं. ते वेगळं असतं. त्यानंतर बीजं सुटायला तयार होतात, मागे फिरणं नाही. दुसऱ्या दिवशी ठकी कामावर हवेत तरंगतच होती आणि दुपारी गल्लेवालीचा फोन आला की पोराला ताप भरलाय, अंगभर फोड उठलेत, डॉक्टर कांजिण्या म्हणतात, उद्या कुठली येणार मी, तूच माझ्याजवळ येऊ नकोस. रडत होती बिचारी. ठकीने तिला धीर दिला आणि फोन ठेवला. क्लिनिकला विचारलं. सिस्टर म्हणाल्या, उद्या काढली नाहीत तर ती आपोआप फुटून जातील, थांबवता येत नाही. आणि मग जरा दबक्या आवाजात, पलीकडच्या बाईही कधीच्या गोळ्या घेताहेत हो, त्यांची तयारी झालीय. ही पलीकडची बाई आजवर ठकीच्या मनात नुसती एक उजळ खिडकी होती. आता त्या खिडकीत एक माणूस येऊन उभं राहिलं. ठकी मशीनपाशी गेली, कुणाचा तरी डबा आत घातला, आणि थडथडाटात विचार करू लागली. मामाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळेल. आणि मग तिला ते सुचलं, इतकं सोपं की अंगावर काटा आला. खोटं आयतं तयार होतं. आईला सांगायचं, साखरेची एक तपासणी आहे, भूल देतात, तू चल. आई येईल, सही करील, विचारणार नाही. कधीच विचारणार नाही. सगळं जिथल्या तिथे राहील.

हाच बेत पक्का करून ती घरी आली. आई इस्त्री करत होती. ठकीचाच सदरा होता, रंगाचे डाग पडलेला, दुकानात घालायचा. तो कुणी इस्त्री करतं का. पण आजारी पोरीचा म्हणून आई त्याची कॉलर पुन्हा पुन्हा दाबत होती. ठकीने तोंड उघडलं आणि बेताच्या उलट शब्द बाहेर आले.

"आई, मला साखर नाही झालेली."

आईने इस्त्री उभी केली.

"ती इंजेक्शनं बीजं वाढवायची आहेत. माझी. उद्या सकाळी ती काढणार आणि एका बाईला देणार. तिला मूल हवंय, तिची तयार होत नाहीत. मी तिला ओळखत नाही आणि ओळख होणारही नाही. भूल देतात, म्हणून कुणीतरी बरोबर लागतं."

आईने सदऱ्याची बाही सरळ केली. मग म्हणाली, इतके दिवस फिका चहा मी उगाच प्यायले. ठकी हसली, पण आई हसत नव्हती. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर गुंडाळायला घेतली, अर्धी गुंडाळली आणि सोडून दिली.

"आणि तुला? तुला स्वतःला?"

त्या घरात इतका उघडा प्रश्न कधी कुणी कुणाला विचारला नव्हता. ठकीला पळून जावंसं वाटलं.

"मला नकोय, आई. कधीच नको होतं."

"म्हणजे असेल," आई सावकाश म्हणाली, "पण मला दिसणार नाही."

"हो."

आई गॅलरीत गेली आणि दोरीवरचे सुकलेले कपडे काढायच्या ऐवजी त्यांनाच धरून उभी राहिली. ठकीला फार वाईट वाटलं. आपण हिच्याकडून न विचारता काहीतरी काढून नेलं आणि आता वर हिलाच ते पोचवायला चल म्हणतो आहोत. तिला रडू आलं, ती रडली, भांडी आवाज न करता घासली. पण कितीही लाज वाटली तरी आतला तो आनंद काही केल्या कमी होईना. ओटीपोट जड झालं होतं, कुशीवर वळलं तरी कळत होतं, आणि ते जडपण तिला सुखाचं वाटत होतं. आई येईन म्हणाली नाही. येणार नाही असंही म्हणाली नाही.

सकाळी ठकी तयार होऊन बाहेर आली तर आई बाहेरचे कपडे घालून, पायात बूट चढवून, दारापाशी स्टुलावर बसलेली. पिशवीत पाण्याची बाटली, धुतलेला टॉवेल, सैलसा झगा. जिन्यात मामा भेटला, चालायला निघालेला. त्याने दोघींकडे पाहून भुवया वर केल्या, आणि आई न थांबता म्हणाली की तिला साखर नाही, उद्यापासून तू एकटा फीर. मामाचं तोंड बघण्यासारखं झालं. ठकीचा जीव तुटला त्याच्यासाठी. पण टॅक्सी उभी होती.

आणि टॅक्सीत आई सुटली. धरण फुटावं तसे प्रश्न. सुई केवढी असते? भूल उतरताना ओकारी होते का? काढतात ती मोजतात का? बरणीत ठेवतात? थंड की कोमट? त्या बाईचं वय काय? नाक जाईल का गं माझं? ठकीला माहीत होतं तेवढं तिने सांगितलं, नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपला आवाज चढला आहे, आपण हातवारे करतो आहोत, ड्रायव्हर आरशातून बघतो आहे आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. ते पडद्यावरचे काळे गोल तिने आईला हवेत बोटाने काढून दाखवले. आईने एकेक नीट बघितला, जणू तिथे होतेच. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, मी एकदा ऐकलं होतं. कामावर. तार जोडून बाजूला व्हायचं, पण नाही झाले. कुणीतरी लांबून बहिणीला फोन करून सांगत होता, मुलगी झाली म्हणून. दोघंही नुसती हसत होती, बोलत काहीच नव्हती. मी ऐकत राहिले. मी कोण त्यांची? पण घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. तुझ्या वडिलांनाही सांगितलं नाही, नियम मोडला होता ना. एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली. ठकीने तिचा हात धरला. हात गार होता आणि त्याने उलट तिचा हात घट्ट दाबला.

पुढचं भराभर झालं. झगा, टोपी, हाताला टोचलेली नळी. आईने सही केली. आत नेताना ठकीने मान वळवून पाहिलं तर आई दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. वर दिवा होता, पांढरा, ज्याला लोक पांढरा म्हणतात आणि ज्यात नेहमी थोडा निळा असतो. कुणीतरी म्हणालं, आता झोप येईल. ठकी सांगणार होती की मला झोप यायचीच नाही आज, मी किती दिवस, आणि तिथेच वाक्य तुटलं.

जाग आली तेव्हा पोटात मुरडा होता आणि तोंड कोरडं. आई उशाशी खुर्चीवर होती. सिस्टर हाताची पट्टी काढत होत्या. छान मिळाली, भरपूर, त्या म्हणाल्या, आणि मग आईकडे मान उडवून, तुमच्या आईंनी आम्हाला भंडावून सोडलं, आजवर एवढे प्रश्न कुणी विचारले नाहीत. ठकीला हसायचं होतं पण पोट दुखलं. आपल्या आत आता काही उरलं नाही अशी रितेपणाची भीती वाटेल असं तिने ऐकलं होतं. ती तिने शोधून पाहिली, सापडली नाही. एकेक बीज या घटकेला शेजारच्या खोलीत, काचेखाली, तिच्यावाचून आपलं आपण होतं, आणि एवढ्याच विचाराने तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. आईने ते टॉवेलने टिपलं.

"अजून एकच विचारते," आई सिस्टरना म्हणाली.

"घेणाऱ्या बाईंबद्दल काही सांगता येत नाही हो, आई."

"नाव नको. गाव नको. तिच्याबरोबर कुणी आहे की एकटीच आहे, एवढंच सांगा."

सिस्टरनी पट्टी कचऱ्यात टाकली. हात धुतले. बराच वेळ धुतले. मग हात पुसत, दुसरीकडे बघत म्हणाल्या, "आहे. सकाळपासून तिची आई बसलीय खाली."

आई खुर्चीत मागे टेकली.

"बरं झालं," मग ती म्हणाली. "म्हणजे दोघी आहोत आम्ही."